चित्र पाहू, इंग्रजी बोलू
(मोडल क्रियापदांचा सराव – निसर्गचित्राच्या साहाय्याने)



इंग्रजीच्या परीक्षेत ‘वाक्यातील मोडल ओळखा व त्याचे कार्य लिहा’ असा प्रश्न हमखास येतो. आपले विद्यार्थी तो बहुधा बरोबर सोडवतात. ‘कॅन’ म्हणजे क्षमता, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे उपदेश, हे त्यांना तोंडपाठ असते. गुणही मिळतात. परंतु तोच विद्यार्थी मुलाखतीच्या खोलीत गेला आणि समोरच्या साहेबांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून ‘यात काय दिसते ते सांगा’ असे इंग्रजीत विचारले, की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. व्याकरण येते, पण बोलणे येत नाही.

याचे कारण विद्यार्थ्यांच्या बुद्धीत नाही, शिकण्याच्या पद्धतीत आहे. ही क्रियापदे आपण यादी म्हणून शिकतो, वापर म्हणून शिकत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही यादी बाजूला ठेवून एक चित्र समोर ठेवणार आहोत. रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही हीच पद्धत वापरतो. चित्रासमोर बसले की बोलण्यास विषय शोधावा लागत नाही. काही गोष्टी डोळ्यांना स्पष्ट दिसतात, काहींचा अंदाज करावा लागतो, काही कळतच नाहीत. मोडल क्रियापदांचे मुख्य काम नेमके हेच आहे. आपल्याला एखादी गोष्ट किती खात्रीने ठाऊक आहे, हे ती सांगतात.

१. आधी शब्द नीट करू

आपण शाळेत चित्रकलेच्या तासाला ‘सीनरी’ काढतो. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. इंग्रजीत मात्र ‘सीनरी’ म्हणजे प्रत्यक्ष दिसणारा निसर्ग. त्याचे अनेकवचन होत नाही. ‘आय सॉ मेनी सीनरीज’ हे वाक्य चूक आहे. चित्राला ‘लँडस्केप’ म्हणावे, मराठीत निसर्गचित्र. हा शब्द इंग्रजांनी डच भाषेतून सोळाव्या शतकाच्या अखेरीस घेतला आणि तो चित्रकारांचा शब्द म्हणूनच त्या भाषेत आला.

आणखी पाच शब्द लक्षात ठेवावेत. चित्रात आपल्याला अगदी जवळ असलेला भाग म्हणजे ‘फोरग्राउंड’. दूरचा भाग म्हणजे ‘बॅकग्राउंड’. आकाश व जमीन जेथे मिळाल्यासारखी दिसतात ती रेषा ‘होरायझन’, म्हणजे क्षितिज. आणि पेन्सिलीने रेषा काढणे म्हणजे ‘ड्रॉ’, रंगाने रंगवणे म्हणजे ‘पेंट’. ‘इन द फोरग्राउंड’, ‘ऑन द लेफ्ट’, ‘ऑन द राइट’ एवढे तुकडे आले की चित्राचे वर्णन सुरू करता येते.

२. तीन नियम, तेही थोडक्यात

मोडल क्रियापदांचे नियम इतर क्रियापदांपेक्षा सोपे आहेत.

पहिला : मोडलला कधी ‘एस’ लागत नाही. ‘शी कॅन पेंट’. ‘शी कॅन्स’ नाही आणि ‘शी कॅन पेंट्स’ही नाही.

दुसरा : मोडलनंतर मूळ क्रियापद येते, मध्ये ‘टु’ येत नाही. ‘यू मस्ट सी धिस पिक्चर’. ‘मस्ट टु सी’ चूक. ‘ऑट टु’ हा एक अपवाद तेवढा ध्यानात ठेवावा.

तिसरा : प्रश्न व नकार करताना ‘डू’, ‘डिड’ यांची मदत लागत नाही. ‘कॅन यू सी द रिव्हर?’ आणि ‘आय कान्ट सी इट’. बस्स.

आमच्याकडे सर्रास ऐकू येणारी चूक म्हणजे ‘आय कॅन एबल टु पेंट’. यात दोन वाक्यांची खिचडी आहे. एक तर ‘आय कॅन पेंट’ म्हणावे, नाहीतर ‘आय ॲम एबल टु पेंट’ म्हणावे.

३. चित्र पहिले : गवताची गाडी

इंग्लंडमधील चित्रकार जॉन कॉन्स्टेबल (जन्म १७७६, मृत्यू १८३७) याचे ‘द हे वेन’ हे जगप्रसिद्ध निसर्गचित्र आहे. ‘हे’ म्हणजे वाळलेले गवत, ‘वेन’ म्हणजे मोठी शेतगाडी. हे तैलचित्र त्याने १८२१ साली पूर्ण केले. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. कॅलेंडरवर, पुस्तकात, आता तर मोबाइलवरही ते सहज पाहण्यास मिळते. शक्य असल्यास ते समोर ठेवूनच पुढील भाग वाचावा.

चित्रातील जागा इंग्लंडच्या सफोक भागातील, स्टाउर नदीवरच्या फ्लॅटफर्डची. तेथील पाणचक्की चित्रकाराच्या वडिलांची होती. डावीकडे लाल कौलांचे एक घर आहे, ते आजही उभे आहे. मध्ये उथळ पाण्यात घोडे जुंपलेली रिकामी गाडी उभी आहे व गाडीत दोन माणसे आहेत. पुढे काठावर एक कुत्रा आहे. घराच्या धुराड्यातून धूर निघत आहे. उजवीकडे दूर कुरणात माणसे गवत कापण्याच्या कामात आहेत. वर ढगांनी भरलेले मोठे आकाश आहे.

आता बोलण्यास सुरुवात करू. आमची सूचना अशी की, खात्रीच्या पाच पायऱ्या कराव्यात.

पहिली पायरी, दिसते ते. येथे मोडल नको. ‘द कार्ट इज इन द वॉटर’ – गाडी पाण्यात आहे. ‘देअर इज अ डॉग ऑन द बँक’ – काठावर कुत्रा आहे. जे डोळ्यांना दिसते तेथे ‘मस्ट’ किंवा ‘मे’ लावल्यास ऐकणारा गोंधळतो.

दुसरी पायरी, पुराव्यावरून निघणारा ठाम निष्कर्ष. येथे ‘मस्ट’. धुराड्यातून धूर येत आहे, म्हणून ‘समबडी मस्ट बी ॲट होम’ – घरात कोणीतरी असणारच. माणूस दिसत नाही, पण धूर दिसतो. धुरावरून अग्नीचे अनुमान हे आपल्या तर्कशास्त्रातील फार जुने उदाहरण आहे. न्यायदर्शनात ते येते आणि दिङ्नाग, धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांच्या विवेचनातही येते. इंग्रजीचा ‘मस्ट’ म्हणजे तेच अनुमान समजावे. तसेच कुरणात गवताची कापणी चालली आहे, म्हणून ‘इट मस्ट बी समर’ – उन्हाळा असणार.

तिसरी पायरी, शक्यता. येथे ‘मे’. गाडी पाण्यात का थांबली आहे? ‘द हॉर्सेस मे बी थर्स्टी’ – घोड्यांना तहान लागली असेल. 

चौथी पायरी, दुबळी शक्यता. येथे ‘माइट’ किंवा ‘कुड’. काही अभ्यासकांनी असेही सुचवले आहे की, कोरड्या हवेत लाकडी चाके आकसतात, म्हणून ती भिजवण्यासाठी गाडी पाण्यात उभी केली असावी. आपल्याकडे ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. उन्हात लाकूड वाळले की चाकावरची लोखंडी धाव ढिली होते, आणि चाक पाण्यात भिजवले की लाकूड फुगून ती पुन्हा घट्ट बसते. हा तर्क सांगताना म्हणावे, ‘दे माइट बी वेटिंग द व्हील्स’ – ते चाके भिजवीतही असतील.

पाचवी पायरी, अशक्यता. येथे ‘कान्ट’. १८२१ साली चित्रकाराने हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात ठेवले तेव्हा त्याचे नाव ‘लँडस्केप : नून’ असे होते. ‘नून’ म्हणजे भर दुपार. म्हणून ‘इट कान्ट बी इव्हनिंग’ – संध्याकाळ असूच शकत नाही. येथे पुष्कळ विद्यार्थी ‘इट मस्ट नॉट बी इव्हनिंग’ म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांतील ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘मस्ट नॉट’ हे मनाईसाठी असते. अनुमानाचा नकार ‘कान्ट’ने करावा.

४. आपल्या मराठीत हे सारे आहेच

या पाच पायऱ्या पाहून घाबरण्याचे कारण नाही. मराठी बोलणारा प्रत्येक माणूस, मग तो शाळेत गेलेला असो वा नसो, या पायऱ्या रोज चढतो-उतरतो. ‘बाबा घरी आहेत’, ‘बाबा घरी असणार’, ‘बाबा घरी असतील’, ‘बाबा घरी असूही शकतील’, ‘बाबा घरी असूच शकत नाहीत’. या पाच वाक्यांतील फरक आपल्या आजीलाही कळतो. म्हणजे विचार आपल्याजवळ आहे, फक्त इंग्रजी शब्द त्याला जोडावयाचा आहे. इंग्रजी येत नाही म्हणजे आपल्याला बारकावे कळत नाहीत, हा न्यूनगंड विद्यार्थ्यांनी मनातून काढून टाकावा.

मात्र दोन-तीन ठिकाणी सावध राहावे लागते. मराठीचा एकच शब्द इंग्रजीत दोन-तीन वाटांनी जातो.

‘असावा’ हा शब्द पाहा. ‘हा माणूस शेतकरी असावा’ हा अंदाज झाला. ‘पुढारी प्रामाणिक असावा’ ही अपेक्षा झाली. मराठीत क्रियापद एकच. इंग्रजीत अंदाजाला ‘ही मस्ट बी अ फार्मर’ किंवा खात्री कमी असल्यास ‘ही मे बी अ फार्मर’, आणि अपेक्षेला ‘अ लीडर शुड बी ऑनेस्ट’.

‘पाहिजे’चेही तसेच. ‘मला रंग पाहिजेत’ येथे मोडल नाहीच, ‘आय वॉन्ट कलर्स’. ‘तू हे चित्र पाहायला पाहिजे’ हा सल्ला, ‘यू शुड सी धिस पिक्चर’. ‘तू वेळेवर आलेच पाहिजे’ ही सक्ती, ‘यू मस्ट कम ऑन टाइम’. त्या एका ‘च’ने सल्ल्याची सक्ती होते.

तिसरे म्हणजे आपले ‘ऊ का?’. ‘आत येऊ का?’ येथे परवानगी मागितली आहे, म्हणून ‘मे आय कम इन?’. ‘खिडकी उघडू का?’ येथे दुसऱ्यासाठी काही करण्याची तयारी आहे, म्हणून ‘शॅल आय ओपन द विंडो?’.

५. झालेल्या गोष्टीचा अंदाज

भूतकाळाविषयी अंदाज करताना मोडलनंतर ‘हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप येते. मराठीत आपण ‘गेला असेल’, ‘केले असणार’ म्हणतो, तेच हे.

कॉन्स्टेबलचे हे चित्र सुमारे एक मीटर तीस सेंटिमीटर उंच व एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर रुंद आहे. एवढे मोठे चित्र पाहून आपण म्हणू, ‘ही मस्ट हॅव मेड मेनी स्केचेस’ – त्याने पुष्कळ कच्ची रेखाटने केली असणार. हे अनुमान झाले. पण लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये या चित्राचे त्याने केलेले पूर्ण आकाराचे कच्चे तैलचित्र आहे. हे कळल्यानंतर ‘मस्ट हॅव’ची गरज उरली नाही. आता सरळ म्हणता येते, ‘ही मेड अ फुल-साइझ स्केच’. पुरावा हाती आला की मोडल गळून पडते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर निम्मा धडा झाला असे समजावे.

१८२१ च्या त्या प्रदर्शनात या चित्राला गिऱ्हाईक मिळाले नाही. ‘समबडी शुड हॅव बॉट इट’ – कोणीतरी ते घ्यायला हवे होते. ‘शुड हॅव’ म्हणजे व्हावयास हवे होते पण झाले नाही. पुढे १८२४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच चित्राला सुवर्णपदक मिळाले. ‘द फर्स्ट व्ह्यूअर्स कुड हॅव लुक्ड मोअर केअरफुली’ – पहिल्या प्रेक्षकांना अधिक नीट पाहता आले असते.

६. चित्र दुसरे : पाऊस, वाफ आणि वेग

कॉन्स्टेबलचाच समकालीन चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर (जन्म १७७५, मृत्यू १८५१). १८४४ साली त्याने ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ हे चित्र प्रदर्शनात ठेवले. हेही नॅशनल गॅलरीत आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी पावसातून थेम्स नदीवरील मेडनहेडचा पूल ओलांडत आहे. इंजिनाचे काळे धुराडे सोडल्यास चित्रात स्पष्ट असे फारच थोडे आहे. सारे धूसर, ओले, पिवळसर. म्हणूनच मोडलच्या सरावास याच्याइतके चांगले चित्र नाही.

दोन मैत्रिणींचा हा संवाद मोठ्याने वाचावा. वाचून झाल्यावर भूमिका बदलून पुन्हा म्हणावा.

पहिली : व्हॉट कॅन यू सी इन धिस पिक्चर? – तुला या चित्रात काय दिसतं गं?
दुसरी : आय कॅन सी अ ट्रेन अँड अ ब्रिज. आय कान्ट सी एनीथिंग एल्स. – गाडी आणि पूल. बाकी काहीच दिसत नाही.
पहिली : लुक ॲट द रिव्हर. देअर इज अ स्मॉल बोट. – नदीकडे बघ ना. छोटी होडी आहे.
दुसरी : ओ येस! एव्हरीथिंग लुक्स वेट. इट मस्ट बी रेनिंग. – हो की! सगळं ओलं दिसतंय. पाऊस पडत असणार.
पहिली : कुड दॅट बी अ हेअर इन फ्रंट ऑफ द इंजिन? – इंजिनापुढे तो ससा तर नसेल?
दुसरी : इट माइट बी. आय ॲम नॉट शुअर. – असेलही. मला खात्री नाही.
पहिली : कुड इट बी अ पिक्चर ऑफ इंडिया? – हे आपल्याकडचं चित्र असू शकेल?
दुसरी : नो, इट कान्ट बी. अवर फर्स्ट पॅसेंजर ट्रेन रॅन इन एटीन फिफ्टी-थ्री. – छे, असूच शकत नाही. आपली पहिली प्रवासी गाडी अठराशे त्रेपन्नला धावली.
पहिली : द पेंटर मस्ट हॅव लव्हड ट्रेन्स. – चित्रकाराला गाड्या आवडत असणार.
दुसरी : ही मे हॅव लव्हड देम, ऑर ही मे हॅव फेल्ट सॉरी फॉर द हेअर. वी कान्ट बी शुअर. – आवडतही असतील, किंवा त्याला सशाची कीव आली असेल. सांगता येत नाही.

ससा खरोखरच त्या चित्रात आहे. टर्नरने तो इंजिनापुढे धावताना रंगवला, पण आता तो जेमतेम दिसतो. आपली मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी निघाली, म्हणजे या चित्रानंतर नऊ वर्षांनी. दुसऱ्या मैत्रिणीचा ‘कान्ट बी’ अशा रीतीने तारखेच्या आधारावर उभा आहे. तिचे शेवटचे वाक्यही पाहावे. सशाचा अर्थ काय, यावर जाणकारांचे एकमत नाही. कोणी म्हणतात तो वेगाचे प्रतीक, कोणी म्हणतात तो यंत्रापुढे जीव घेऊन पळणारा निसर्ग. जेथे पुरावा दोन्ही बाजूंना आहे तेथे तिने ‘मस्ट’ न वापरता ‘मे हॅव’ वापरले. हीच समज परीक्षेतील गुणांपेक्षा मोलाची आहे.

७. विनंती, परवानगी आणि मनाई

आतापर्यंत खात्रीचे मोडल झाले. दुसरा मोठा वापर म्हणजे माणसामाणसांतील वागणूक. मराठीत आपण ‘तू’ आणि ‘आपण’ यांनी आदर दाखवतो. इंग्रजीत सर्वांना ‘यू’च. मग आदर कोठे दाखवावयाचा? तर तो बराचसा मोडलमध्ये दाखवावयाचा. ‘टेल मी’ हा हुकूम झाला. ‘कॅन यू टेल मी?’ ही साधी विनंती. ‘कुड यू टेल मी?’ किंवा ‘वुड यू टेल मी?’ ही अदबीची विनंती. येथे ‘कुड’, ‘वुड’ यांचा भूतकाळाशी संबंध नाही, हे लक्षात घ्यावे.

मुंबईत काळा घोडा येथे जहांगीर कलादालन आहे. ते १९५२ साली सुरू झाले. तेथे चित्रे पाहण्यास तिकीट लागत नाही. कोणीही जाऊ शकतो. तरीही आपले विद्यार्थी काचेच्या दारापर्यंत जातात आणि ‘आत इंग्रजी बोलणारी माणसे असतील’ म्हणून परत फिरतात. बऱ्याचदा चित्रकार स्वतः तेथे बसलेले असतात आणि कोणी आपल्या चित्राविषयी विचारले तर त्यांना आनंदच होतो. वास्तविक तेथे मराठीतही बोलता येते. परंतु सरावासाठी पुढील संभाषण पाठ करून जावे.

विद्यार्थी : एक्सक्यूज मी, मे आय आस्क यू समथिंग? – माफ करा, आपल्याला एक विचारू का?
चित्रकार : ऑफ कोर्स. – विचारा ना.
विद्यार्थी : कुड यू टेल मी व्हेअर धिस प्लेस इज? – ही जागा कोठली, ते सांगाल का?
चित्रकार : इट इज द घाट ॲट वाई, ऑन द कृष्णा. – वाईचा घाट, कृष्णेवरचा.
विद्यार्थी : द वॉटर इज व्हेरी लो. इट मस्ट बी समर. – पाणी फारच खाली गेलेलं दिसतं. उन्हाळा असणार.
चित्रकार : यू आर राइट. आय पेंटेड इट इन मे. – बरोबर. मे महिन्यात रंगवलं.
विद्यार्थी : शुड अ बिगिनर स्टार्ट विथ वॉटरकलर्स? – नवशिक्याने जलरंगांपासून सुरुवात करावी का?
चित्रकार : यू कॅन, बट यू शुड प्रॅक्टिस ड्रॉइंग फर्स्ट. – करता येईल, पण आधी रेखाटनाचा सराव करायला हवा.
विद्यार्थी : वुड यू माइंड इफ आय टुक अ फोटोग्राफ? – मी फोटो काढला तर आपली हरकत नाही ना?
चित्रकार : नॉट ॲट ऑल. बट यू मस्ट नॉट यूज द फ्लॅश. – मुळीच नाही. पण फ्लॅश वापरायचा नाही.

या संभाषणात दोन खाचा आहेत. ‘वुड यू माइंड’ म्हणजे ‘आपली हरकत आहे का?’ म्हणून होकार द्यावयाचा असेल तर ‘नॉट ॲट ऑल’ म्हणावे लागते. घाईने ‘येस’ म्हटले तर ‘होय, हरकत आहे’ असा उलटा अर्थ होतो. दुसरी खाच म्हणजे ‘मस्ट नॉट’ आणि ‘डोन्ट हॅव टु’. ‘यू मस्ट नॉट टच द पेंटिंग’ – चित्राला हात लावू नये, मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टु बाय अ तिकिट’ – तिकीट घेण्याची गरज नाही. तिकीट न घेणे सक्तीचे नाही, फक्त गरज नाही. या दोहोंची गल्लत मोठमोठ्यांचीही होते.

८. हे शिकून काय उपयोग?

कोणी म्हणेल, चित्राविषयी गप्पा मारून आपल्या मुलांचे पोट भरणार आहे काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो.

समजा, रस्त्यावर अपघात झाला. आपण फक्त मोटार भरधाव जाताना पाहिली. पुढे इंग्रजीत लिहिलेल्या जबाबावर आपली सही घेण्यात आली. त्यात ‘द ड्रायव्हर वॉज ड्रंक’ असे वाक्य असेल, तर आपण ते डोळ्यांनी पाहिल्याचे सांगितले असा त्याचा अर्थ होतो. ‘द ड्रायव्हर मे हॅव बीन ड्रंक’ असे असेल, तर तो आपला अंदाज ठरतो. पहिल्या वाक्याबद्दल उलटतपासणीत आपल्याला जाब द्यावा लागेल. एका छोट्या शब्दाने माणूस साक्षीदाराचा खोटारडा ठरू शकतो.

तसेच शासकीय नियमांत व परिपत्रकांत ‘शॅल’ आणि ‘मे’ हे शब्द पदोपदी येतात. ‘द फी शॅल बी रिफंडेड’ म्हणजे सर्वसाधारणपणे शुल्क परत करणे बंधनकारक आहे. ‘द फी मे बी रिफंडेड’ म्हणजे परत करण्याचा अधिकार आहे, करावयाचे की नाही हे त्या अधिकाऱ्याने ठरवावयाचे. शिष्यवृत्तीच्या, प्रवेशाच्या, वसतिगृहाच्या कागदावर या दोन शब्दांतील फरक ज्याला कळतो, तो खिडकीवर उभा राहून आपला हक्क मागू शकतो. ज्याला कळत नाही, तो हक्काच्या ठिकाणी विनवण्या करतो आणि विनंतीच्या ठिकाणी भांडतो. तेव्हा सराव चित्रावर होत असला तरी उपयोग आयुष्यात होतो.

९. स्वाध्याय

पुढील रिकाम्या जागी योग्य मोडल घालून वाक्ये मोठ्याने म्हणावीत.

(१) कुरणात मेंढ्या आहेत, मेंढपाळ दिसत नाही. ‘द शेफर्ड ...... बी बिहाइंड द ट्री.’ (एक शक्यता)
(२) सर्वांच्या हातात छत्र्या आहेत व त्या उघडलेल्या आहेत. ‘इट ...... बी रेनिंग.’
(३) झाडांना एकही पान नाही, जमिनीवर बर्फ आहे. ‘इट ...... बी समर.’
(४) कलादालनात पाटी आहे. ‘व्हिजिटर्स ...... नॉट टच द पेंटिंग्ज.’
(५) वयस्क चित्रकाराला आपण आदराने विचारतो. ‘...... यू शो मी युअर स्केचबुक, प्लीज?’
(६) कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून त्या परिसराची अनेक चित्रे काढली. ‘ही ...... हॅव नोन द लेक व्हेरी वेल.’

उत्तरे : (१) मे, माइट किंवा कुड (२) मस्ट (३) कान्ट (४) मस्ट (५) कुड किंवा वुड (६) मस्ट.

शेवटचा स्वाध्याय आपल्या नेहमीच्या ‘सीनरी’वर. दोन डोंगरांमधला तो सूर्य उगवतो आहे की मावळतो आहे? लहानपणापासून आपण तो काढत आलो, पण हा प्रश्न आपल्याला कोणी विचारला नाही. इंग्रजीत पाच वाक्यांत उत्तर लिहावे. आकाशात पक्षी असतील तर ते कोठे चालले असतील? झोपडीतून धूर निघत असेल तर आत काय चालले असेल? प्रत्येक वाक्यात मोडल निवडताना स्वतःला विचारावे, ‘हे मला दिसते, की मी धरून चालतो?’

१०. सभासदांना विनंती

हा सराव एकट्याने होत नाही. बोलण्यास समोर माणूस लागतो. आठवड्यातून एक दिवस, एक तास, पाच-सहा विद्यार्थ्यांनी एकत्र बसावे. जुन्या कॅलेंडरवरील एखादे निसर्गचित्र मध्ये ठेवावे. पहिली दहा मिनिटे फक्त दिसते तेच सांगावे, मोडल न वापरता. पुढची वीस मिनिटे ‘मस्ट’, ‘मे’, ‘माइट’, ‘कान्ट’ यांनी अंदाज करावेत, आणि प्रत्येक अंदाजाला इतरांनी ‘हाउ डू यू नो?’ – कशावरून? – असे विचारावे. उरलेल्या वेळात विनंती व परवानगीचे संवाद करावेत. उच्चार चुकला म्हणून कोणी हसू नये, आणि कोणी हसलेच तर थांबू नये. ज्या सभासदांचे शिक्षण अर्धवट राहिले आहे त्यांनीही मुलांबरोबर बसावे. गाडीच्या चाकाविषयी, पाण्याविषयी, पिकाविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते पुस्तकात नसते. चित्रातील निम्म्या गोष्टींचा पुरावा तेच देतील, मुले त्याला इंग्रजी शब्द देतील.

जेवढे दिसते तेवढे ठामपणे सांगावे. ज्याला पुरावा आहे तेथे ‘मस्ट’ म्हणावे. जेथे पुरावा अपुरा आहे तेथे ‘मे’ म्हणण्यास लाजू नये. आणि जे माहीत नाही त्याला ‘आय ॲम नॉट शुअर’ म्हणावे, त्यात कमीपणा नाही. एवढे ज्याला जमले त्याला इंग्रजी बोलता येऊ लागले असे आम्ही समजतो.